कुस्को बघायचं तर क्रम सांभाळा: उंची, तिकिटं आणि इंका दगडकाम यांचा टप्प्याटप्प्याने आराखडा

पेरूतलं कुस्को समुद्रसपाटीपासून साधारण ३,४०० मीटरवर आहे, म्हणजे जवळपास लेहइतकं उंच आणि कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. तरी बहुतेक लोक लिमाहून, म्हणजे थेट समुद्रकाठावरून, सव्वा-दीड तासाच्या विमानाने इथे उतरतात आणि त्याच दुपारी शहराच्या डोक्यावरच्या साक्सायवामान या इंका गडाचा चढ चढायला निघतात. रात्री डोकं फुटायला लागतं. दुसरा दिवस अंथरुणात जातो आणि तिसऱ्या दिवशी माचू पिचूची ट्रेन असते. पैसे गेले, दगड बघायचे राहिले.

या शहरात ठिकाणांच्या निवडीपेक्षा ती कोणत्या क्रमाने बघता याला जास्त महत्त्व आहे. आधी कमी उंचीवर झोपायचं, मग शहरात यायचं, सर्वात उंच जागा शेवटी. पुढचे टप्पे याच हिशेबाने लावले आहेत.

## टप्पा १: निघण्याआधी तीन महिने

व्हिसा. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा व्हिसा पासपोर्टवर असेल आणि तो अजून किमान सहा महिने चालणार असेल, तर भारतीय पर्यटकाला पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. त्या देशांपैकी एखाद्यात कायमचं वास्तव्य असेल तरीही सूट आहे. यातलं काहीच नसेल तर दिल्लीतल्या पेरूच्या वकिलातीकडे अर्ज करावा लागतो. तिकीट काढण्याआधी वकिलातीचा ताजा नियम बघा. भारतातून पेरूला थेट विमान नाही, त्यामुळे युरोप किंवा अमेरिकेतून जाताना वाटेतल्या देशाचा ट्रान्झिट नियमही वेगळा तपासावा लागतो. अमेरिकेत तर नुसतं विमान बदलायलासुद्धा व्हिसा लागतो.

पिवळा ताप. सर्वात जास्त लोक इथे अडकतात, कारण ट्रॅव्हल एजंट सांगतो, "कुस्कोला लस लागत नाही." ते खरंही आहे, इतक्या उंचीवर त्या तापाचा धोका नसतो. पण भारताच्या यादीत पेरू पिवळ्या तापाचा देश आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लशीचं पिवळं कार्ड नसेल, तर विमानतळावर विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. मुंबई-पुण्यात अशी केंद्रं आहेत, पण आधी नाव नोंदवावं लागतं. कार्ड लस घेतल्याच्या दहाव्या दिवसापासून वैध धरतात आणि मग आयुष्यभर चालतं. निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. साठीच्या पुढच्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी लस घ्यायची की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

डॉक्टर. उंचीसाठी ॲसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, देतात. नेहमीचा प्रतिबंधक डोस १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, वर चढायच्या आदल्या दिवसापासून आणि पोचल्यावर दोन दिवस. आपल्याकडे २५० ची गोळी सर्रास मिळते, ती अर्धी करायची. बोटांना मुंग्या येणं, वारंवार लघवी होणं आणि सोडा बेचव लागणं हे तिचे नेहमीचे परिणाम आहेत, घाबरायचं कारण नाही. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. कुठलीही गोळी पहिल्यांदा कुस्कोत घेऊ नका; घरी असताना एक दिवस घेऊन बघा.

> इशारा: सिकल सेल असलेल्यांनी, आणि फक्त वाहक असलेल्यांनीसुद्धा, या उंचीवर जाण्याआधी रक्तविकारतज्ज्ञांना विचारावं. उंचीवर प्लीहेला इजा होऊ शकते. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा विकार बऱ्याच घरांत आहे आणि अनेकांना आपण वाहक आहोत हेच माहीत नसतं. हृदय-फुफ्फुसाचा आजार आणि गरोदरपण असेल तरीही हाच नियम.

महिना. मे ते सप्टेंबर कोरडा हंगाम. दिवसा छान ऊन, पण जून-जुलैत रात्री पारा शून्याच्या आसपास जातो. जानेवारी-फेब्रुवारीत जोरदार पाऊस. विमानं उशिरा सुटतात, दरडी पडतात. दगडकाम निवांत बघायचं असेल तर मे किंवा सप्टेंबर उत्तम. २४ जूनला इंती रायमीचा, म्हणजे इंकांच्या सूर्योत्सवाचा, सोहळा असतो; त्याचा मुख्य भाग साक्सायवामानलाच होतो. त्याच्या आसपास हॉटेलं महाग आणि भरलेली असतात. सोहळाच बघायचा नसेल तर तो आठवडा टाळा, आणि २४ तारखेला साक्सायवामान बघायचा बेत अजिबात ठेवू नका.

## टप्पा २: आरक्षणं, याच क्रमाने

१. माचू पिचूचं प्रवेशतिकीट. दिवस, वेळ आणि ठरावीक मार्ग, तिन्ही त्यावर ठरलेले असतात. हे मिळाल्याशिवाय बाकी काहीच पक्कं करू नका.

२. ट्रेन. कुस्कोजवळच्या पवित्र खोऱ्यातलं ओयांताइताम्बो गाव ते माचू पिचूच्या पायथ्याचं आग्वास कालिएन्तेस. तिकिटावरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक अक्षरशः जुळला पाहिजे. आपल्या पासपोर्टवर मधलं नाव म्हणून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. ते एका तिकिटावर लिहिलं आणि दुसऱ्यावर गाळलं की गेटवर प्रश्न उभा राहतो.

३. लिमा-कुस्को विमान. जाताना सकाळचं घ्या. परतताना कुस्कोहून निघून त्याच रात्री लिमाहून आंतरराष्ट्रीय विमान, असं कधीच जोडू नका, विशेषतः तिकिटं वेगवेगळी असतील तर. कुस्कोचं विमानतळ डोंगरांच्या खळग्यात आहे, हवा बिघडली की उड्डाणं रद्द होतात. लिमात एक रात्र हातात ठेवा.

४. हॉटेल. सान ब्लास भाग दिसायला सुंदर, पण पायऱ्यांचा. बऱ्याच गल्ल्यांत टॅक्सी शिरत नाही आणि ३,४०० मीटरवर वीस किलोची बॅग घेऊन ऐंशी पायऱ्या चढणं म्हणजे शिक्षा. ज्येष्ठ सोबत असतील तर प्लासा दे आर्मास (मुख्य चौक) आणि आवेनिदा एल सोल (एल सोल रस्ता) यांच्यामधल्या सपाट भागात राहा. आरक्षण करताना तीन गोष्टी लिहून विचारा: तळमजल्यावर खोली मिळेल का, खोलीत हीटर आहे का, आणि माचू पिचूला जाताना मोठ्या बॅगा सांभाळाल का. जुन्या वाड्यांच्या हॉटेलांत लिफ्ट बहुधा नसते.

> तपासा: पूर्ण बेतात एक दिवस मोकळा आहे का? इथे ‘पारो’ म्हणजे बंद होतात. रस्ते अडवले जातात, कधी रेल्वेही थांबते. मोकळा दिवस नसेल तर एका बंदमध्ये सगळी साखळी कोसळते.

## टप्पा ३: सामान

एक जाड कोट नेण्यापेक्षा थरांचे कपडे न्या, कारण इथे सकाळी स्वेटर लागतो, दुपारी शर्टवर घाम येतो आणि सहा वाजता पुन्हा टोपी लागते. बुटांचा तळवा पकडीचा हवा. गल्ल्यांतले गोटे शतकानुशतकं घासून गुळगुळीत झालेत, थोड्या पावसातही पाय सटकतो. ऊन फसवं असतं: हवा गार लागते पण अर्ध्या तासात नाक आणि कान भाजतात. उन्हाचं मलम आणि काठाची टोपी पहिल्या दिवसापासून वापरा.

घरून नेलेली चिवड्याची सीलबंद पाकिटं कुस्कोत पोचेपर्यंत फुग्यासारखी टम्म होतात. दाबून भरलेल्या बॅगेत ती फुटतात, म्हणून कपड्यांत गुंडाळू नका. वेगळ्या डब्यात ठेवा. मलमाची आणि शांपूची बाटली पहिल्यांदा उघडताना तोंड दुसरीकडे करून उघडा. ताजी फळं, बिया, सुटं धान्य नेऊच नका, कस्टममध्ये काढून घेतात.

इथे पाणी साधारण ८८-८९ अंशांनाच उकळतं. त्यामुळे गरम पाणी घालून होणारे पोहे-उपमा पाकिटावर लिहिलेल्या वेळेत भिजत नाहीत. झाकण लावून दुप्पट वेळ ठेवा. नळाचं पाणी पिऊ नका, उकळलंत तर तीन मिनिटं खळखळ उकळू द्या. वीज २२० व्होल्ट आहे. दोन गोल पिनांचे चार्जर बहुधा बसतात, तीन पिनांसाठी ॲडॉप्टर लागतो.

## टप्पा ४: उतरल्याचा दिवस, थेट खाली

कुस्कोला विमानातून उतरलात की शहरात जाऊ नका. बाहेर टॅक्सी घेऊन सरळ पवित्र खोऱ्यात, उरुबाम्बा (सुमारे २,८७० मीटर) किंवा ओयांताइताम्बो (सुमारे २,८०० मीटर) गाठा. दीड-दोन तास लागतात. रस्ता चिन्चेरोवरून ३,७०० मीटरच्या वरून जातो, पण गाडीत बसून पार केलेल्या अर्ध्या तासाने काही बिघडत नाही. शरीराला फरक पडतो तो रात्री कुठल्या उंचीवर झोपता याचा.

टॅक्सीला मीटर नसतो. भाडं बसण्याआधी ठरवा, तेही ‘सोल’ या पेरूच्या चलनात आणि पूर्ण गाडीचं, माणशी नाही. स्वस्तात जायचं तर शहरातल्या पावितोस रस्त्यावरून ओयांताइताम्बोच्या सामायिक गाड्या सुटतात, पण पहिल्या दिवशी सामानासह तो खटाटोप नको.

त्या दिवशी बाकी काही करायचं नाही. जेवण हलकं, पाणी थोडं थोडं पण सतत. पहिले दोन दिवस पिस्को सावर किंवा बिअर नाही, झोपेची गोळीही नाही. दोन्हींनी झोपेतला श्वास मंदावतो. हॉटेलात कोकाचा चहा समोर येईल, तो पेरूत कायदेशीर आहे आणि प्यायला हरकत नाही. मात्र तो औषध नाही. नोकरीत अमली पदार्थांची लघवीतपासणी होत असेल तर एक कपही पिऊ नका, तपासणीत कोकेन दिसू शकतं.

कधी थांबायचं, कधी पळायचं. पोचल्यावर सहा ते बारा तासांत डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप तुटणं हे होऊ शकतं. साधी वेदनाशामक गोळी, विश्रांती, आणि बरं वाटेपर्यंत आणखी वर न जाणं, एवढं पुरतं. बोटावरचा ऑक्सिमीटर ८८ दाखवतो म्हणून घाबरू नका, या उंचीवर तो आकडा नवख्यांना नेहमीचा आहे. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा.

> इशारा: बसल्या जागी धाप, खोकल्यातून फेसाळ थुंकी, सरळ रेषेत चालताना झोक जाणं, बोलण्यात गोंधळ, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. लगेच डॉक्टर आणि लगेच खाली. हॉटेलच्या ऑक्सिजनने तात्पुरतं बरं वाटतं. ‘आता ठीक आहे’ म्हणून झोपून जाणं ही सर्वात घातक चूक.

## टप्पा ५: तिकिटांचा गुंता

‘बोलेतो तुरिस्तिको’ हे सोळा ठिकाणांचं एकत्र तिकीट. परदेशी प्रौढासाठी पूर्ण तिकीट १३० सोल, दहा दिवस चालतं. अर्धवट तिकिटं ७० सोलची: शहरावरची चार ठिकाणं (साक्सायवामान, केन्को, पुका पुकारा, ताम्बोमाचाय) एका दिवसासाठी, पवित्र खोरं (पिसाक, ओयांताइताम्बो, चिन्चेरो, मोराय) दोन दिवसांसाठी. दोन्ही भाग बघायचे तर दोन अर्धवट तिकिटं १४० ला पडतात, म्हणजे पूर्ण तिकीटच घ्यावं. ते ओयांताइताम्बोच्या गेटवरही मिळतं. रोख सोल जवळ ठेवा. तिकिटावर तुमचं नाव असतं, प्रत्येक ठिकाणी एकदाच भोक पाडतात. बाहेर पडलात की पुन्हा आत सोडत नाहीत.

या तिकिटात नसलेली ठिकाणं लोक हमखास विसरतात: कोरिकांचा (इंकांचं सूर्यमंदिर), कॅथेड्रल, मारासची मिठागरं आणि माचू पिचू. कोरिकांचात तर फारच गोंधळ होतो. एल सोल रस्त्यालगतच्या बागेखाली एक छोटं संग्रहालय आहे, ते बोलेतोत येतं. लोक ते बघतात आणि कोरिकांचा झालं समजतात. मूळ इंका दालनं वर सान्तो दोमिंगोच्या मठात आहेत. त्यांचं दार आणि तिकीट वेगळं.

## टप्पा ६: खोरं, मग माचू पिचू, मग शहर

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर ओयांताइताम्बोचा गड. पायऱ्या पुष्कळ आहेत; वीस चढा, थांबा, श्वास खाली येऊ द्या. वर सहा प्रचंड गुलाबी शिळांची भिंत आहे. हा दगड समोर, नदीपलीकडच्या डोंगरातल्या काचिकाता खाणीतून आणला. भिंतीसमोरून वळून पलीकडे बघा म्हणजे अंतर डोळ्यांत भरतं. कुस्कोहून येणाऱ्या बसेस उशिरा पोचतात, त्यामुळे गावात मुक्काम करणाऱ्याला सकाळची वेळ शांत मिळते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ट्रेनने माचू पिचू. ते २,४३० मीटरवर आहे, कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली, आणि म्हणूनच आधी. मोठ्या बॅगा ट्रेनमध्ये चालत नाहीत, त्या ओयांताइताम्बोच्या हॉटेलात ठेवा. मूळ पासपोर्ट सोबत हवा, झेरॉक्स नाही.

परतताना ओयांताइताम्बोहून टॅक्सी ठरवून मारास, मोराय, चिन्चेरो करत कुस्कोला या. चिन्चेरो ३,७६० मीटरवर आहे, पण एव्हाना चार रात्री झालेल्या असतात.

## टप्पा ७: शहरातले दगड, पायी

सकाळी किंवा दुपारी चारनंतर निघा. तिरप्या उन्हात सांधे आणि दगडांची फुगीर पोटं उठून दिसतात. भर दुपारी भिंत नुसती राखाडी दिसते.

१. कोरिकांचा. रविवारी सकाळी बंद, दुपारी उघडतं. आत दालनांच्या दारांना आणि कोनाड्यांना हात न लावता जवळून बघा. दार खाली रुंद, वर अरुंद. भिंत आत झुकलेली. थर अगदी एकसारखे. बाहेर पडून बागेच्या बाजूने गोलाकार भिंत बघायला विसरू नका. २१ मे १९५० च्या भूकंपात वरचा मठ कोसळला, खालचं इंका काम टिकलं.

२. लोरेतो गल्ली. कोरिकांचाकडून चौकाकडे येताना लागते. कंपनिया चर्चच्या बाजूची भिंत अमारुकांचा या इंका राजवाड्याची, समोरची आक्लावासीची, म्हणजे इंकांनी निवडलेल्या स्त्रियांच्या निवासाची. आक्लावासीकडची जास्त रेखीव आहे. वर जाताना दगडांचे थर लहान होत जातात ते मोजून बघा.

३. हातुन रुमियोक. चौकातून सान ब्लासकडे जाताना उजव्या हाताची भिंत. इथे थर नाहीत, प्रत्येक दगडाचा आकार निराळा. हिरवट डायोराइटचा बारा कोनांचा प्रसिद्ध दगड याच भिंतीत आहे. गर्दी दिसेल तिथे तो. लोक त्याचा फोटो काढून निघून जातात; त्याऐवजी बोटभर अंतरावरून आजूबाजूचे सांधे बघा, चुना कुठेही नाही. हेमाडपंती देवळांचे सांधे बघणाऱ्याला ही भाषा ओळखीची वाटेल, पण तिथे दगड चौकोनी घडून बसवले, इथे शेजारचा दगड जसा असेल तसा पुढचा कापला.

> इशारा: दगडाला हात लावायचा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका माणसाने हत्याराचे घाव घालून याच बारा कोनी दगडाचे टवके उडवले. गल्लीत इंका वेशातले लोक किंवा अल्पाका घेतलेल्या बायका फोटोला उभ्या राहतात. आधी रक्कम विचारा, नंतर वाद नको.

इंका की स्पॅनिश? सांध्यात चुना दिसला, भिंत ओळंब्यात सरळ असली किंवा दगड बारीक-मोठे कसेही भरलेले असले तर ते नंतरचं काम. खालचे तीन-चार थर इंका आणि वर स्पॅनिश, अशाही असंख्य भिंती आहेत. चौकाभोवतीच्या कॅफेंत आतल्या भिंतीकडे लक्ष ठेवा. काही ठिकाणी कॉफीच्या किमतीत अस्सल इंका भिंतीशेजारी बसायला मिळतं.

## टप्पा ८: वरच्या चार जागा, वरून खाली

बहुतेक जण साक्सायवामानला पायी चढतात आणि दमून तिथूनच परततात. उलट करा. टॅक्सीने सर्वात दूरच्या ताम्बोमाचायला जा, शहरापासून सात-आठ किलोमीटर. मग पुका पुकारा, केन्को असं करत, मधलं अंतर पायी किंवा रस्त्यावरच्या बसने कापत साक्सायवामानला या. त्याला निवांत दीड-दोन तास द्या. नागमोडी तीन भिंतींतल्या खालच्या चुनखडीच्या शिळा बघा, सर्वात मोठ्या शंभर टनांहून जड आहेत. गोल केलेल्या कोपऱ्यांवर नजर ठेवून चाला. मग पायऱ्यांनी शहरात उतरा. पूर्ण वाट उताराची होते.

पिसाकलाही हीच युक्ती: टॅक्सीने वरच्या गेटला, पायी खाली गावात. सामायिक गाड्या पुपुती रस्त्यावरून मिळतात.

विनिकुंका, म्हणजे ‘इंद्रधनुषी डोंगर’, ५,००० मीटरच्या वर आहे. पहाटे तीन-चारला निघून परत येणारी ही सहल एजंट पहिल्याच दिवशी गळ्यात मारतात. जायचंच तर अगदी शेवटी. ज्येष्ठ आणि लहान मुलं सोबत असतील तर सरळ वगळा. तिथे दगडकाम नाही आणि धोका भरपूर.

## टप्पा ९: शाकाहाऱ्यांनी काय बोलायचं

नुसतं ‘सिन कार्ने’ म्हटलं की कोंबडी पानात येते, कारण ‘कार्ने’ म्हणताना तिथे लाल मांस डोळ्यांसमोर असतं. पूर्ण वाक्य म्हणा: ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन काल्दो दे पोयो.’ शेवटचं म्हणजे कोंबडीचं पाणी नको. किनोआचं सूप बहुधा त्यातच करतात. भरलेली मिरची, रोकोतो रेयेनो, दिसायला आपल्या भरल्या मिरचीसारखी, आत खिमा. निर्धास्त खाण्यासारखं म्हणजे चीज घातलेलं मक्याचं कणीस, बटाटे, अवोकाडो, अंडी आणि सान पेद्रो बाजारातले फळांचे रस. रस पाण्याऐवजी निव्वळ फळाचा मागा.

## टप्पा १०: परतीची बॅग

कोकाची पानं, चहाच्या पुड्या, कोकाची चॉकलेटं, यातलं काहीही बॅगेत राहू देऊ नका. विमानतळावरच्या दुकानात उघड विकतात म्हणून चालेल असं नाही. भारतात कोकाचं पान अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं आणि वाटेतल्या अमेरिकेतही ते चालत नाही. जॅकेटचे खिसे उलटे करून बघा, हॉटेलच्या टोपलीतून सहज उचललेली चार पानं तिथेच राहतात. पिवळं कार्ड मात्र पासपोर्टसोबत हातातल्या पाकिटात ठेवा, चेक-इन केलेल्या बॅगेत नाही. मुंबईत ते बॅगा मिळायच्या आधी मागतात.